तलावातला बेशरम काढायचा आहे, पण परत येऊ नये म्हणून काय करावं?

बोडीकाठचा (4 मे, रात्री 9.12)

राम राम मंडळी,

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. गावाला एक मोठा मामा तलाव आणि दोन बोड्या, म्हणजे लहान तळी आहेत. बाहेरच्यांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी लोकांनी अडीच-तीनशे वर्षांपूर्वी बांधलेले हे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून हजारांच्या घरात आहेत. आमच्या तलावाची मासेमारी ढिवर बांधवांच्या संस्थेकडे आहे आणि मी तिचा सचिव.

तलावाचा जवळपास तिसरा हिस्सा बेशरम नावाच्या झुडपानं गिळलाय. तीन वर्षांपूर्वी एका योजनेत सफाई झाली. ठेकेदाराने मशीन घातली, बेशरम ठेचला, ढकलत ढकलत पाळीच्या कडेला नेला आणि बिल काढून गेला. पहिला पाऊस पडला आणि जेवढे तुकडे तेवढी झाडं झाली. आधी काठाला होता, आता मधल्या उंचवट्यावरही आलाय.

त्याहून जास्त जीव जळतो तो माशांसाठी. वडिलांनी लहानपणी मला मरळ, वाघूर, सिंगूर, कटवा, दाडक, भुरभुसा ही नावं एकेक मासा हातात देऊन शिकवली. या एप्रिलात शेवटचं जाळं ओढलं तर आम्हीच सोडलेले रोहू, कतला, सायप्रिनस (कॉमन कार्प), आणि बाकी सगळा बोटाबोटाएवढा तिलापिया. माझ्या मुलीला सिंगूर दाखवायला मला दुसऱ्या गावच्या बाजारात न्यावं लागलं.

20 मेला ग्रामसभा आहे, तिथं ठराव मांडायचा आहे. पाणी आटत आलंय, पावसाला महिना आहे. कुणी बेशरम कायमचा काढलाय का? कसा काढला? आणि मत्स्यबीज कोणतं टाकावं?

वऱ्हाडी_ठेचा (4 मे, रात्री 9.40)

भाऊ, त्याचं नावच बेशरम हाय. कापला तं येते, उपटून फेकला तं येते, उन्हात टाकला तं पंधरा दिवसानं पाहा, खालून मुळी फुटली असते. आमच्या इकडं यवतमाळात नाल्यानाल्यानं हाच हाय. ठरावात तारीख लिवा आणि आधी माणसं गोळा करा, मशीन नका बोलावू.

मूळचा_भंडाऱ्याचा (4 मे, रात्री 10.05)

सध्या पुण्यात आहे, पण बालपण लाखनीकडचं. दोन उपाय सुचवतो. एक, तणनाशक. दुसरा, ग्रास कार्प म्हणजे गवत्या मासा सोडा. तो दिवसरात्र वनस्पती खातो, तण साफ होईल आणि मासा विकून पैसेही येतील.

बोडीकाठचा (4 मे, रात्री 10.21)

दादा, त्या तलावात गावची गुरं पाणी पितात, बाया कपडे धुतात, खाली धान त्याच पाण्यावर आहे. तणनाशक माझ्याच्यानं सुचवलं जाणार नाही. गवत्याबद्दल मलाही प्रश्न आहे, जाणकारांनी सांगावं.

पाणवाट (5 मे, सकाळी 7.30)

मत्स्यव्यवसायात 22 वर्षं काढली आहेत, म्हणून गवत्यावर लिहितो. हा मासा 1959 साली भारतात आणला, त्याच वर्षी चंदेरी कार्पही आला. दोन्ही मूळचे चीनकडचे. गवत्या कोवळी, पाण्याखालची वनस्पती आवडीनं खातो. बेशरमचं खोड विषारी आणि चिवट, त्याला तो तोंडही लावत नाही. म्हणजे होणार काय, तलावात उरलेल्या चिला, चिऊल, गाद या आपल्या पाणवनस्पती तो संपवणार आणि बेशरम तसाच उभा राहणार. जे वाचवायचं तेच आपण त्याच्या पुढ्यात वाढून ठेवणार.

सायप्रिनसचंही तसंच. तो तळाचा गाळ उकरत खातो. गाळ उकरला की पाणी गढूळ, गढूळ पाण्यात ऊन खालपर्यंत पोचत नाही, आणि ऊन नाही तर पाण्याखालची वनस्पती नाही. मरळ या वनस्पतीतच जागा करून अंडी घालते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत राखण करते. दाडकासारख्या लहान माशांची अंडी पानांना चिकटलेली असतात. वनस्पती गेली की या माशांचं घर गेलं. जाळ्यात मरळ का येत नाही याचं अर्धं उत्तर इथं आहे.

तिलापिया 1952 साली आला. मादी अंडी तोंडात धरून फिरते, त्यामुळे तिची पिल्लं जगतात आणि बाकीच्यांची अंडी हाच मासा खातो. एकदा शिरला की तलाव पूर्ण आटल्याशिवाय जात नाही. तुमचा तलाव या वर्षी आटतोय, ही संधी आहे. शेवटच्या डबक्यातला तिलापिया निवडून काढा, एकही ठेवू नका.

आणि हात जोडून सांगतो, कुणी स्वस्तात मांगूरचं बीज आणून दिलं तर घेऊ नका. तो आफ्रिकन मांगूर असतो. त्याच्यावर देशात बंदी आहे, 2019 साली राष्ट्रीय हरित लवादानेही त्याची तळी नष्ट करायला सांगितलं. आपला वाघूर म्हणजे देशी मांगूर, तो हातभराच्या वर जात नाही, हा माणसाच्या मांडीएवढा होतो आणि मासे, बेडूक, पाखरांची पिल्लं, काहीही गिळतो. पुरात तळ्यातून सुटला की नाल्यानं थेट तुमच्या तलावात.

शंकासूर (5 मे, सकाळी 9.02)

मला एक प्रश्न पडतो, राग मानू नका. परदेशी म्हणून एवढी ओरड कशाला? मिरची परदेशी, टमाटर परदेशी, भुईमूग, मका, पेरू, सीताफळ सगळं अमेरिकेतून आलं. वऱ्हाडी भाऊंचा ठेचासुद्धा पोर्तुगीजांनी मिरची आणली म्हणून. मग बेशरमवरच राग का?

वऱ्हाडी_ठेचा (5 मे, सकाळी 9.10)

ठेच्याले हात लावू नका हो भाऊ 😄

रानपाखरू (5 मे, दुपारी 1.15)

शंकासूर, प्रश्न चांगला आहे. मी गोंदियाजवळ शाळेत शिकवते आणि सुटीच्या दिवशी पाखरं बघते, मुलंही मला हेच विचारतात. मिरची आपण लावली तर येते, नाही लावली तर रानात जाऊन जंगल झाकून टाकत नाही. परदेशी असणं हा दोष नाही. जी वनस्पती किंवा प्राणी माणसाच्या मदतीनं नव्या जागी येतो, स्वतःच्या बळावर पसरतो आणि तिथल्या जिवांना हुसकावतो, त्याला आक्रमक म्हणायचं. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाचा 2023 चा अहवाल सांगतो की माणसानं जगभर सुमारे 37,000 परकीय प्रजाती इकडून तिकडे नेल्या, त्यातल्या साडेतीन हजारांहून जास्त आक्रमक ठरल्या. शंभरातल्या नव्वद गप्प राहतात, दहा घर बळकावतात. पण त्या दहांचा हिशेब जड आहे. जगातून कायमच्या गेलेल्या प्रजातींपैकी 60 टक्क्यांच्या नाशात या आक्रमकांचा मोठा हात आहे, असं तोच अहवाल म्हणतो.

कारण सोपं आहे. बेशरम मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथं त्याला खाणारे किडे आहेत, रोग आहेत. इथं गाय खात नाही, हरीण खात नाही, अळी फारशी लागत नाही. सगळ्यांना कर भरावा लागतो आणि याला एकट्याला माफ, अशी गत.

हे उलटंही होतं. आपली साळुंकी, अंगणातली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. 1860 च्या दशकात तिला पिकावरचे किडे खायला म्हणून ऑस्ट्रेलियात नेलं. आज तिथं ती झाडांच्या ढोल्या बळकावते आणि तिथल्या पोपटांना अंडी घालायला जागा उरत नाही. आपलं मुंगूस 1883 साली हवाईला नेलं, उसातले उंदीर मारायला. उंदीर रात्री फिरतात, मुंगूस दिवसा. उंदीर राहिले, जमिनीवर घरटी करणारी तिथली पाखरं गेली. साळुंकी वाईट नाही आणि मुंगूसही नाही. जागा चुकली.

शंकासूर (5 मे, दुपारी 1.48)

ताई, पटलं. मुंगसाचं माहीत नव्हतं.

डॉ_गुरंढोरं (5 मे, रात्री 8.55)

मी नागभीड भागात पशुवैद्यक आहे. बेशरमबद्दल माझा अनुभव शेळ्यांचा. उन्हाळ्यात चारा संपला की शेळ्या नाइलाजानं तो खायला लागतात, आणि नंतर दुसरा चारा असला तरी त्याचीच सवय लागते. मग मान थरथरते, मागचे पाय लटपटतात, शेळी बारीक होत जाते. मालक म्हणतो, डॉक्टर, सुई द्या. यावर सुई नाही. आधी तो खाणं बंद करा, एवढंच सांगता येतं.

दुसरी रायमुनिया. पुण्याकडे घाणेरी किंवा टणटणी म्हणतात ती. गाईंनी ती पोटभर खाल्ली तर यकृतावर परिणाम होतो आणि उन्हात कातडी सोलून निघते, तीही अंगावरच्या पांढऱ्या भागाची जास्त. मागच्या वर्षी एका बांड्या गाईची कातडी पाठीवर कागदासारखी सुटली होती. काळे ठिपके होते तसेच शाबूत, पांढरं तेवढं उघडं लाल. तिला पंधरा दिवस गोठ्यात अंधारात ठेवली तेव्हा वाचली.

मोहफूल (5 मे, रात्री 10.30)

डॉक्टर साहेबांनी रायमुनियाचं नाव काढलं म्हणून लिहिते. आमच्याकडे कुरखेड्याच्या जंगलात मार्च-एप्रिलात पहाटे मोह वेचायला जातो. लहानपणी झाडाखाली पाला झाडला की जमीन मोकळी असायची, चार झाडं लांबून दिसायची. आता मोहाखाली कमरेइतकी रायमुनिया. फुलं आत पडतात, हात घालावा तर काटे, आणि आत काय बसलंय ते कळत नाही. आमच्या गावची एक बाई वेचत असताना वाघ चार हातांवर होता, तिला दिसला नाही. ती वाचली. सगळ्याच वाचल्या नाहीत.

लोक मग ती जाळतात. जाळली की गवताचं बी, मोहाचं रोप, तेंदूचे धुमारे सगळं जातं आणि पहिल्या पावसात रायमुनिया बुडातून दुप्पट फुटते. आग तिच्याच कामी येते, हे गावात समजावून सांगायला आम्हाला तीन वर्षं लागली.

कारंज्याचा_माळ (6 मे, सकाळी 6.50)

मोहफूल ताई, तुम्ही लिहिलंय ते देशभर खरं आहे. रायमुनिया इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली. 2020 साली भारतीय संशोधकांनी वाघांच्या जंगलांचा अभ्यास छापला, त्यात 40 टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर तिचा पसारा आढळला. जिथं ती वाढते तिथं गवत नाही, गवत नाही तर चितळ नाही, आणि मग वाघ गावाकडे येतो.

काढायची पद्धत मात्र आहे. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांनी दाखवलेली. झुडूप वरून कापायचं नाही. जमिनीखाली बोटभर-दोन बोटं जिथून नवे धुमारे फुटतात त्याच्या खाली कुदळीनं मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उचलायचं आणि तिथंच उलटं करून ठेवायचं. मुळं आभाळाकडे. मातीला न लागल्यानं ते वाळून जातं. दोन माणसं एका सकाळी बरीच झुडपं काढतात, मोठी मशीन लागत नाही. आणि लगेच तिथं आपल्या गवताचं बी टाकायचं. रिकामी जागा सोडली तर रायमुनियाच परत येते, पाखरं तिची फळं खाऊन बी टाकत फिरतात.

आमचं दुःख मात्र वेगळं. वाशीम-अकोल्याकडचे गवताळ माळ लोकांना पडीक वाटतात. मागं एका कार्यालयानं आमच्या माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावलं, वर वेडी बाभूळ आधीपासून होतीच. कागदावर वृक्षारोपण झालं. पण त्या माळावर पावसाळ्यात तणमोर पक्षी यायचा. नर गवतातून उसळी मारायचा, दिवसभर, मादीला दिसावं म्हणून. त्याला मोकळं गवत लागतं, झाडं नाहीत. आमच्याकडचे फासेपारधी बांधव आता काही गावांत माळ राखतात, आग लागू देत नाहीत, चराई बांधून घेतात. एकेकाळी हेच लोक फासे लावायचे. तणमोराचं घरटं कुठं असतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

तुमसरची_सून (6 मे, सकाळी 8.15)

झाडं लावणंही चूक असू शकतं हे पहिल्यांदाच वाचलं. दोनदा वाचलं.

वऱ्हाडी_ठेचा (6 मे, दुपारी 12.20)

आमच्या कपाशीचं सांगतो, मजेची गोष्ट नाई, लय पैसे गेल्ते तवा. 2006-07 च्या टायमाले पांढरा पिठ्या ढेकूण आला. झाडावर पीठ शिंपडल्यासारखा. फवारे मारून मारून हात भाजले, ढेकूण मरे नाई, अंगावर मेण असते त्याच्या. मंग कापसाच्या शास्त्रज्ञायनं सांगतलं का हा उत्तर अमेरिकेचा हाय, आणि कपाशी निंगाल्यावर बांधावरच्या गाजर गवतावर राह्यते. एक विदेशी दुसऱ्या विदेशीच्या घरी मुक्कामाले! बांध साफ केले, आणि मंग एक बारीक माशी आली, एनासियस म्हंतात, ते ढेकणाच्या आंगात अंडे घालते. फवारे कमी केले त्या वावरात तिनंच ढेकूण संपवला. ज्यायनं फवारे चालूच ठेवले त्यायच्या वावरात माशी मेली आणि ढेकूण राह्यला.

तवापासून मी बांधाचं गाजर गवत फुलाच्या आधी उपटतो. हातमोजे घालून. माह्या भावाले त्याची खाज सुटली, चार वर्सं झाले, उन्हात उभं राह्यता येत नाई त्याले.

पाणवाट (6 मे, दुपारी 3.05)

वऱ्हाडी भाऊ, गाजर गवत पुण्यात 1955-56 च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं, अमेरिकेतून आलेल्या गव्हासोबत आलं असं मानतात. त्याच्यावर मेक्सिकोचा भुंगा 1983 साली बंगळूरला आणून तपासला आणि मग सोडला. पावसाळ्यात बांधावर पानं चाळणीसारखी झालेली दिसली तर तो त्याचाच प्रताप, त्याला कीड समजून फवारू नका.

जलपर्णी वाढलेल्या तलावांसाठीही असे सोंडे भुंगे आहेत. आपल्या शेजारी बैतूल जिल्ह्यात सारणीच्या धरणावर चायनीज झालर नावाची तरंगती पाणवनस्पती पसरली होती, तिच्यावर जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयानं भुंगे सोडले आणि पाणी मोकळं झालं. बेशरमसाठी मात्र असा भुंगा सोडलेला नाही. तिथं हातच लागणार.

मूळचा_भंडाऱ्याचा (6 मे, रात्री 9.30)

गवत्याचा सल्ला मी मागे घेतो. पाणवाट काकांचं वाचून घरी फोन केला. आई म्हणाली, भंडाऱ्याजवळ वैनगंगेत जलपर्णी इतकी की उन्हाळ्यात डोंगा चालत नाही. नाग नदीची घाण आणि थांबलेलं पाणी, दोन्ही तिला पोसतात.

जुना_जाणता (7 मे, सकाळी 7.10)

सर्वांचं वाचलं. वय 71. थोडा विरोध करतो. बेशरम एवढा वाईट असता तर लोकांनी लावला असता का? आमच्या घराचा कूड बेशरमचा होता, वाडीचं कुंपण बेशरमचं, गरिबाच्या चुलीत वाळका बेशरम. पाळीची माती धरून ठेवतो. सरसकट काढला आणि पावसात पाळ खचली तर जबाबदार कोण?

रानपाखरू (7 मे, दुपारी 2.40)

काका, पाळीची तुमची काळजी रास्त आहे. त्यात मी माझी भर घालते. पाणकोंबड्या आणि काही बगळे आता बेशरमच्या गर्दीतच घरटी करतात, कारण दुसरी झाडीच उरली नाही. म्हणून पाणी भरल्यावर, पावसाळ्यात काढू नका, अंडी-पिल्लं जातील. मे महिनाच बरा. आणि एकदम सगळा काढू नका, टप्प्याटप्प्यानं काढा.

पण काका, बेशरमची गर्दी मोजक्या पाखरांना चालते. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो, त्याला पोयण्याची पानं हवीत. आणि सारस. महाराष्ट्रात सारस टिकून आहेत ते मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात, तेही अगदी मोजके. त्यांना उथळ मोकळं पाणी लागतं, कंद लागतात, देवधान लागतं. एका तलावावर मी चार वर्षं एक जोडी बघत होते. जिथं ते चरायचे त्या उथळ कोपऱ्यात बेशरम आला. पाचव्या वर्षी ते तलावावर दोन दिवस फिरले, चालत चालत त्या कोपऱ्यापर्यंत यायचे, उभे राहायचे, परत जायचे. तिसऱ्या दिवशी दिसले नाहीत. मी अजून जाते.

झाडीपट्टीवाला (7 मे, रात्री 8.20)

मूळ प्रश्न राहूनच गेला म्हणून लिहितो. बोडीकाठचे भाऊ, तुमच्याच तालुक्यात उत्तर आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी अर्जुनी मोरगाव भागात ढिवर बांधवांना आणि महिलांना सोबत घेऊन तलावांवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांची रीत अशी की बेशरम मुळासकट काढायचा, आटलेला तळ नांगरायचा आणि पाऊस पडल्यावर आपल्या पाणवनस्पती लावायच्या. बाहेरचा मासा न सोडता देशी मासा वाढू द्यायचा. लावायच्या वनस्पती कुठल्या, हे तिथल्या म्हाताऱ्या ढिवरांनी सांगितलं.

मी एका तलावावर आठ दिवस हाताखाली काम केलंय. त्यातलं शिकलेलं सांगतो. बेशरमचं खोड पोकळ, ते ओढलं की तुटून हातात येतं आणि वाटतं निघालं. निघालेलं नसतं. बुडाभोवती हातभर खणायचं, आडवी पसरलेली मुळं बोटांनी चाचपायची, ती जिथं संपतात तिथवर जायचं. जिथं खोड वाकून मातीला टेकलंय तिथं प्रत्येक गाठीला मुळं धरलेली असतात, ती वेगळी झाडं समजा. काढलेला माल तलावात नाही, पाळीवर नाही, दूर खडकावर रचायचा. मोडला की कट्ट वाजला पाहिजे, तोवर सरपणालाही न्यायचा नाही. आणि पाऊस पडल्यावर दर दहा दिवसांनी फेरी मारायची. दोन पानांचं रोप दोन बोटांनी निघतं, दोन महिन्यांचं कुदळीशिवाय निघत नाही.

जाणते काका, पाळीवरच्या मोठ्या झाडांना हात लावायचा नाही. फक्त बेशरम काढायचा आणि तिथं लगेच आपलं गवत लावायचं. पाळ खचू नये म्हणून आम्ही पाळीचा भाग शेवटच्या वर्षी घेतला.

जुना_जाणता (7 मे, रात्री 9.05)

हे बरं सांगितलं. 1951 ला मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, तेव्हापासून ना मालक राहिला ना राखणारा. माझ्या वडिलांच्या काळी दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस गाळ काढायला जायचा, गाळ शेतात जायचा. बेशरमला जागाच मिळायची नाही. ते बंद पडलं, हे खरं मूळ.

शंकासूर (8 मे, सकाळी 10.00)

देवधान म्हणजे रानटी धानच ना? ते तलावात लावलं आणि खालच्या बांधीत शिरलं तर? आमच्या धानात रानधान मिसळलं की निंदताना ओळखू येत नाही, लोंबी आली की कळतं, तोवर दाणे गळालेले असतात.

झाडीपट्टीवाला (8 मे, सकाळी 10.45)

बरोबर शंका. म्हणून ते पाणी सुटतं त्या बाजूला लावायचं नाही. वरच्या अंगाला, जंगलाकडून पाणी येतं तिथल्या उथळ भागात लावायचं. आणि धानवाल्या शेतकऱ्यांना ग्रामसभेत आधी विचारायचं.

बोडीकाठचा (22 मे, रात्री 10.40)

मंडळी, उशीर झाला, पण सगळं वाचून ग्रामसभेत मांडलं. मशीन नको, एवढं बोलल्यावर चार जण उठून गेले. बाकीचे बसले. जाणत्या काकांचा मजकूर मी वाचून दाखवला, घरटी एक माणूस, तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, मी गेली होती ना गाळ काढायला, लगन होऊन आली त्याच साली. मग वातावरण बदललं. ठराव झाला. पाळ सोडून तीन वर्षांत तीन भाग करायचे. रोजगार हमीत बसतं का ते बघतोय, पण वाट न पाहता कालपासून सुरुवात केली. धानवाल्यांनी देवधानाला होकार दिला, अट तीच, वरच्या अंगाला.

मत्स्यबीजावर संस्थेत भांडण झालं. सायप्रिनस बंद, हे मंजूर. रोहू-कतला थोडं टाकायचं ठरलं, घर चालवायचंय सगळ्यांना. एक बोडी मात्र बाहेरच्या बीजाविना ठेवणार. तिच्यात फक्त मरळ, वाघूर, सिंगूर, जे आपोआप येईल ते.

आज एक गोष्ट घडली. दुपारी एका बुडाखाली ओल्या गाळात खणताना माझ्या पुतण्याच्या हाताला काहीतरी वळवळलं. साप समजून ओरडला. गाळ बाजूला केला तर वाघूर, वीतभर, गाळात रुतून बसलेला, मिशा हलत होत्या. आमच्या थोरल्या काकांनी हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाले, आपलाच आहे. मुलीला शाळेतून बोलावून आणलं. बादलीत ठेवलाय, बोडीत सोडू.

पाणवाट (22 मे, रात्री 11.02)

बादलीवर ओलं पोतं टाका, झाकण घट्ट लावू नका. तो वर येऊन हवा घेतो. आणि उडी मारतो.

वऱ्हाडी_ठेचा (23 मे, सकाळी 6.15)

भाऊ, डोये भरून आले वाचून. रविवारी मी आणि माहा पोरगा येतो. कुदळ आमचीच आणतो.

रानपाखरू (29 मे, सायंकाळी 6.30)

बोडीकाठचे दादा, माझ्या शाळेजवळच्या तलावात देवधान आणि पोयणा अजून भरपूर आहे. देवधानाचं बी गळून गाळातच पडतं, म्हणून गावाला विचारून वरची वीतभर गाळाची परत दोन पोत्यांत भरली आहे. पोयण्याचे कंद ओल्या कापडात वेगळे बांधलेत. उद्या एसटीनं पाठवते. एक विनंती, ओतण्याआधी गाळ तपासून घ्या.

बोडीकाठचा (31 मे, रात्री 9.50)

ताई, दोन्ही पोती मिळाली. अंगणात ताडपत्री अंथरून बचत गटाच्या सहा जणींनी गाळ मूठ-मूठ फोडून पाहिला. पहिल्या पोत्यात काही नव्हतं. दुसऱ्यात करंगळीएवढा बेशरमचा तुकडा निघाला, एका टोकाला पांढरी मुळी फुटलेली. त्याच सहा जणी आता दर दहा दिवसांनी तलावाची फेरी घेणार आहेत. तुकडा त्यांनी वहीला चिकटवून ठेवलाय, नवीन येणाऱ्याला काय शोधायचं ते दाखवायला.